रस्ता सुरक्षेच्या पैशात एक छोटं हेड उघडा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या ठाण्याच्या पानावर घोडबंदर रोडची बातमी नाही असा आठवडा जात नाही. कधी गायमुखचा घाट, कधी खड्डे, कधी मेट्रोचं काम, कधी गुजरातकडे जाणारे ट्रेलर, कधी सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये घ्यायचं प्रकरण. छापता ते बरोबरच आहे. पण मी बऱ्याच दिवसांपासून बघतेय, ह्या बातम्यांत पैशाचा आकडा आला की तो थेट कोटीतच असतो, अमुक कोटींचा उड्डाणपूल, तमुक कोटींचं काँक्रीट. नाहीतर मग जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की गुलाबाचं फूल देतानाचे फोटो, शाळेत चित्रकला स्पर्धा, नाक्यावर बॅनर, आणि त्या बॅनरमुळे वळणावरून येणारी गाडी दिसत नाही ते वेगळंच. ह्या दोन्हीच्या मधे काहीच नाही. म्हणजे पन्नास हजार, लाख, फार तर दोन लाख कुणाच्या तरी हातात देऊन "हा एक नाका घे, इथे काय होतंय ते नीट मोज, काहीतरी करून बघ, परत मोज आणि आम्हाला सांग" असं म्हणणारं कुणी नाहीये. ह्या मधल्या रकमेसाठी बजेटमध्ये एक हेड, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, उघडावं म्हणून हे पत्र आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ज्युनिअर कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, आता रिटायर आहे, पोखरण रोडच्या बाजूला राहते. आमच्या इथे एका शाळेसमोर डिव्हायडरला कट आहे. सकाळी सातला तिथे उभं राहून बघा. स्कूल व्हॅन, बसेस, पुढे एक पोरगं उभं आणि मागे एक बसलेलं अशा स्कूटर, त्यात पुढच्या यू-टर्नपर्यंत कोण जाणार म्हणून तेवढा पट्टा राँग साइडने येणारे रिक्षावाले, आणि ह्या सगळ्यातून दप्तर पाठीला लावून हात धरून चाललेल्या आया. आमच्या बिल्डिंगमधले एक काका सिव्हिल इंजिनिअर, आयुष्यभर साइटवर काम केलेले, त्यांनी साध्या कागदावर स्केच काढलं. कटाच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा मारायचा, प्लास्टिकचे कोन लावून वळायची जागा अरुंद करायची म्हणजे गाडी आपोआप हळू वळेल, आणि चालणाऱ्यांना मधे थांबायला थोडी जागा मिळेल. पंधरा दिवस करून बघायचं. आधी आणि नंतर जवळच्या कॉलेजची एनएसएसची मुलं मोजणी करतील, फॉर्म मी बनवून देणार होते. सगळा खर्च धरून पन्नास हजाराच्या आतबाहेर, त्यातलेही निम्मे कोन आणि रंगाचे.

मग सुरू झाल्या चकरा. एका कार्यालयात सांगितलं ट्रॅफिककडे जा, तिथे सांगितलं रस्ता आमचा नाही आम्ही फक्त परवानगी देतो, आधी रस्ता ज्यांचा त्यांचं पत्र आणा, ज्यांचा रस्ता त्यांनी सांगितलं काम कोण करणार त्याची एजन्सी ठरली की बघू. शेवटी एका साहेबांनी, माणूस चांगला होता हो, बसवून चहा दिला आणि खरं ते सांगितलं. म्हणाले मॅडम, कल्पना छान आहे पण ह्याला हेड कुठलं लावायचं? पंचवीस लाखांचं काँक्रीटचं काम आणलं असतंत तर हेड आहे, जनजागृतीचे बॅनर छापायचे असतील तरी हेड आहे, पण करून बघायचं आणि मोजायचं ह्याला हेडच नाही. सरकारी ऑफिसात ज्यांनी काम केलंय त्यांना कळेल, हेड नाही म्हणजे विषय संपला, मग तुम्ही कितीही शहाणे असा.

पुढे काय झालं तर एका रात्रीत त्या कटाच्या अलीकडे कुणीतरी गतिरोधक टाकला. कुणी टाकला ते आजपर्यंत कुणालाच माहीत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. इंडियन रोड काँग्रेसचा ह्यावर कोड आहे, आयआरसी ९९, त्यात ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ठरलेला गोल पाठीचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या आधी बोर्ड पाहिजे, वर रंगाचे पट्टे पाहिजेत. आमच्याकडचा जेमतेम दीड हात रुंद आणि उंची अशी की स्कूटरचं पोट घासतं, बोर्ड नाही पट्टे नाहीत. मग दुचाकीवाल्यांनी काय केलं, गटाराच्या बाजूला जी फूटभर सपाट जागा उरली होती तिथून गाडी काढायला लागले, आणि शाळेची मुलं नेमकी तिथूनच चालतात. धोका होता तो सरकून मुलांच्या अंगावर गेला. आता हे "काम" फुकटात झालं असं समजायचं का? मोजलं कुणी? काढणार कोण, कुठल्या हेडमधून?

आता जरा आकड्यांचं बोलते, सवय आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू आहेत. महाराष्ट्रातले १५,२२४. म्हणजे आपल्या राज्यात रोज चाळीसच्या वर माणसं. देशातल्या मेलेल्यांत दुचाकीवाले साधारण ४४ टक्के आणि चालणारे १९ टक्के, म्हणजे दर दहातली सहा माणसं ना कारमधली ना ट्रकमधली. आता कोटीतल्या बातम्या आठवा आणि त्यातलं किती चालणाऱ्यांसाठी असतं ते तुम्हीच बघा. त्याच अहवालात ७१ टक्के मृत्यू "ओव्हरस्पीड"च्या रकान्यात आहेत. ह्यावर माझा विश्वास आहे आणि नाहीही. वेग हे कारण आहेच, जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्के वाढते. पण आपल्याकडे एफआयआर लिहितानाच "भरधाव वेगात, हयगयीने" हे आधी लिहिलं जातं, पूर्वी भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) २७९ होतं आता भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) २८१ आहे, कलम बदललं, वाक्य तेच. तिथे दिवा बंद होता का, कट चुकीच्या जागी होता का, झेब्रा पुसला होता का, हे बघायला त्या पंचनाम्याला ना वेळ ना कारण. त्यामुळे रस्ता कधी आरोपी होतच नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत कलम १९८ अ घातलंय, रस्त्याचं डिझाइन किंवा देखभाल निकषाप्रमाणे न केल्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला तर कंत्राटदाराला, जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. पण दंड करायला आधी कुणीतरी दाखवून द्यायला पाहिजे की डिझाइन चुकलं होतं, आणि ते दाखवायला अभ्यास लागतो, आणि अभ्यासाला परत हेड नाही.

ब्लॅक स्पॉटचं पण तसंच. राष्ट्रीय महामार्गासाठी ब्लॅक स्पॉटची व्याख्या अशी आहे की साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले पाच अपघात, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू. म्हणजे यादीत नाव यायला आधी माणसं मरायला लागतात, विहिरीत कुणी पडल्याशिवाय कठडा बांधायचाच नाही असा हा कारभार. आणि आमच्या शाळेसमोरचा कट त्या यादीत कधीच येणार नाही, कारण तिथे रोज फक्त करकचून ब्रेक लागतात, कुणी मेलेलं नाही. अजून.

पण ते करकचून लागणारे ब्रेक मोजता येतात! ही काही माझी आयडिया नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या लॅबमधल्या दोन संशोधकांनी नाक्यावर उभं राहून अशा थोडक्यात टळलेल्या टकरी मोजायची पद्धत काढली, पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने ती नीट बसवली, ट्रॅफिक कॉन्फ्लिक्ट टेक्निक म्हणतात. ट्रेन केलेली माणसं नाक्यावर बसतात, कोणत्या दोन जणांची टक्कर होता होता राहिली, कुणी ब्रेक मारला की कुणी गाडी वळवली, तेव्हा वेग किती होता आणि ब्रेक मारला नसता तर किती सेकंदात धडक झाली असती हे लिहितात. ह्याचा फायदा साधा आहे. एका नाक्यावरचे अपघात वर्षाला दोन-तीन असतात, एवढ्याशा आकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी बारावीच्या मुलांना घसा फोडून सांगायचे. पण असे थोडक्यात टळलेले प्रसंग एका सकाळीच भरपूर मिळतात, त्यामुळे कोन लावायच्या आधी आणि नंतर फरक पडला का हे तीन वर्षं थांबून नाही तर पंधरा दिवसांत कळतं. लागतं काय, तर ट्रायपॉडवर एक मोबाईल, चार-पाच मुलं, एक शिकवणारा माणूस आणि नाश्ता. घोडबंदर रोडवर, नवी मुंबईत वाशी, नेरुळ, ऐरोलीला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, दरवर्षी सिव्हिलची मुलं फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात आणि शेवटी मागच्या वर्षीचंच काहीतरी झेरॉक्स करतात. त्यांना तीस-चाळीस हजार आणि एक नाका द्या ना.

सिग्नलच्या सेकंदांचं उदाहरण घ्या. आपल्याकडे पादचाऱ्याला रस्ता ओलांडायला किती वेळ द्यायचा ते ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. १८ मीटरचा रस्ता असेल तर १५ सेकंद झाले. आता आमच्या इथले गुडघे बदललेले एक आजोबा बघा, ०.८ च्या वेगाने चालतात, त्यांना त्याच रस्त्याला साडेबावीस सेकंद लागतात. म्हणजे हिरवा माणूस लाल होतो तेव्हा आजोबा १२ मीटरवर, रस्त्याच्या बरोबर मधल्या भागाच्या पुढे, आणि समोर चार रांगांतल्या दुचाक्या क्लच सोडायच्या तयारीत. त्यांनी काय करायचं? ते छत्री वर करतात. पावसाळा असो नसो छत्री बरोबर असतेच, आडवी धरतात आणि चालत राहतात, कुणी हॉर्न मारला तर बघतसुद्धा नाहीत. ह्यात कोणाची चूक म्हणायची? टायमरमध्ये आठ सेकंद वाढवायला सिमेंट लागत नाही. पण कुठल्या सिग्नलला किती म्हातारी माणसं असतात, हॉस्पिटलच्या जवळ, देवळाच्या जवळ, बँकेच्या पेन्शनच्या दिवशी, हे कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन बसून मोजलं पाहिजे. ज्येष्ठ नागरिक संघच हे काम करू शकतात, वेळ आहे, हिशोब पक्का आहे आणि आपलाच जीव आहे. त्यांना एवढं केलंत तर तुमच्या नावाने अहवाल छापू आणि खर्च देऊ असं कोणी म्हणायला पाहिजे.

छोट्या पैशातून मोठं काम कसं होतं ह्याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण केनियातलं आहे. तिथे मटाटू नावाच्या प्रायव्हेट मिनीबस चालतात, आपल्याकडच्या वडाप आणि शेअर रिक्षांसारख्याच, भरून, घाईत. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ च्या सुमारास काय केलं, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून काही गाड्यांत आत स्टिकर लावले, काहींत नाही. स्टिकरवर काय, तर ड्रायव्हर वेडीवाकडी गाडी चालवत असेल तर गप्प बसू नका, बोला. एवढंच. स्टिकर जागेवर राहावेत म्हणून ड्रायव्हरांसाठी लॉटरी ठेवली. आणि मग इन्शुरन्स कंपन्यांकडचे क्लेम तपासले तर स्टिकरवाल्या गाड्यांचे क्लेम निम्म्याहून कमी झाले होते. नंतर हेच खूप जास्त गाड्यांवर करून बघितलं तेव्हा परिणाम एवढा मोठा नाही आला, २५ ते ३३ टक्के घट आली, तीही काही कमी नाही. मला ह्यातलं स्टिकर आवडलं नाही, अर्ध्या गाड्यांत न लावणं आवडलं. आपल्याकडे असतं तर उद्घाटन करून सगळ्या गाड्यांत लावले असते, पुढाऱ्याचा फोटो मजकुरापेक्षा मोठा, आणि उपयोग झाला की नाही हे जन्मात कळलं नसतं. ठाण्यात स्टेशनपासून सुटणाऱ्या शेअर रिक्षांत, स्कूल व्हॅनमध्ये, आयटी पार्कच्या बसमध्ये हे करून बघण्यासारखं आहे. कदाचित चालणार नाही. आपल्याकडची माणसं शेअर रिक्षात ड्रायव्हरला "भाऊ जरा हळू" म्हणतील की मोबाईलमध्ये बघत बसतील मला खात्री नाही, पण म्हणूनच तर करून बघायचं.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न येणारच. पैसा आहे हो. आपण सगळे ई-चलन भरतो, निदान काही जण तरी भरतात, बाकीचे लोकअदालतीची वाट बघतात. सुप्रीम कोर्टाने रस्ता सुरक्षेच्या केसमध्ये ३० नोव्हेंबर २०१७ ला राज्यांना जे निर्देश दिले त्यात जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आणि रस्ता सुरक्षा निधी हे दोन्ही आहे, आणि त्या निधीत दंडाच्या पैशाचा वाटा जायला पाहिजे हेही आहे. म्हणजे दरवाजा आहे, फक्त त्यातून लहान माणूस आत जाऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात २०१२ पासून स्पीड आणि सिग्नलच्या कॅमेऱ्यांचा सगळाच्या सगळा दंड रस्ता सुरक्षेच्या वेगळ्या खात्यात जातो. ब्रिटनमध्ये वेगात पकडलेल्यांना दंडाऐवजी कोर्सला बसायचा पर्याय देतात, त्याची फी भरावी लागते, त्यातून उरलेल्या पैशावर रोड सेफ्टी ट्रस्ट नावाची संस्था चालते आणि ती छोट्यामोठ्या प्रयोगांना आणि संशोधनाला अनुदान देते. ज्याने नियम मोडला त्याच्याच पैशातून रस्ता सुधारला. लोकांना दंड भरताना एवढं कळलं की आपले पाचशे रुपये आपल्याच नाक्यावर लागणार आहेत तर शिव्या थोड्या कमी देतील.

दुसरा पैसा कंपन्यांचा. ठाणे-बेलापूर रोडला, वागळे इस्टेटला कंपन्या काय कमी आहेत का. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी जो पैसा देतात त्यात, रस्ता सुरक्षा बसते, कंपनी मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच ते स्पष्ट केलंय, जनजागृतीच नाही तर ट्रॅफिक इंजिनिअरिंगसुद्धा त्यात आहे. पण कंपनीवाल्यांना काय पाहिजे असतं, लोगोची जागा. त्यामुळे ते पोलिसांना लोगोवाले बॅरिकेड देतात, हेल्मेट वाटतात, एक दिवसात कार्यक्रम संपतो. हेल्मेट वाटणं वाईट नाही, २०२२ मध्ये हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांचा आकडा पन्नास हजारांवर आहे. पण सहा महिन्यांनी त्यातली किती डोक्यावर आहेत आणि किती हँडलला लटकतायत हे कुणी बघितलंय? नाक्यावर अर्धा तास उभं राहून मोजायचं काम आहे ते. जो हेल्मेटला पैसे देतो त्याने शंभरातले पाच रुपये ह्या मोजणीला द्यायचे, असा नियमच करून टाका.

काही लोक म्हणतील लहान प्रयोगांनी काय होणार, घोडबंदरला पाहिजे बायपास, नवी मुंबईत पाम बीचला पाहिजेत कॅमेरे. पाहिजेत ना. मी मोठ्या कामांच्या विरोधात नाहीच. पण मोठ्या कामातसुद्धा जीव वाचतात ते बारीक बघण्यामुळे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ पासून झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉरचं, म्हणजे रस्त्यावर एकही मृत्यू होऊ नये म्हणून, काम झालं, त्यात एकेक अपघात सुटा करून बघितला, कुठे कठड्याचं टोक उघडं आहे, कुठे बंद पडलेला ट्रक मागच्याला दिसत नाही, आणि तिथे तिथे दुरुस्ती केली, पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. मुंबईत २०१५ पासून ब्लूमबर्ग ह्या अमेरिकन दानशूर संस्थेच्या निधीतून रस्ता सुरक्षेचं काम झालं, काही चौकात आधी रंग आणि कोन टाकून ट्रायल घेतली. म्हणजे आमच्या काकांनी कागदावर काढलं होतं तेच. मुलुंड चेकनाका ओलांडला की तेच काम करायला हेड नाही हे मला काही पटत नाही.

भीती खरी आहे ती वेगळी. छोटी अनुदानं म्हटलं की आपल्याकडे आधी एनजीओ रजिस्टर होतात, मग माणसं शोधली जातात, आणि शेवटी पैसे कुणाच्या तरी मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. मी सोसायटीचे हिशोब बघितलेत, मला हे सांगायला नको. म्हणून अटी कडक ठेवा आणि कागद कमी. अर्ज दोन पानांचा, मराठीत. संस्था रजिस्टर पाहिजेच असं नाही, हाउसिंग सोसायटी चालेल, शाळेची पालक समिती, कॉलेजचा विभाग, रिक्षा संघटना, महिला मंडळ चालेल, पण बरोबर एक तांत्रिक माणूस सहीला पाहिजे, कॉलेजचा प्राध्यापक किंवा निवृत्त इंजिनिअर. पैसे तीन हप्त्यांत, पहिला आधीच्या मोजणीला, ती मोजणी हातात आल्याशिवाय दुसरा नाही, म्हणजे कोन विकत घेऊन फोटो काढून मोकळं होता येणार नाही. ट्रॅफिक शाखा आणि ज्यांचा रस्ता त्यांनी पंधरा दिवसांत हो किंवा नाही लेखी सांगायचं, नाही असेल तर कारण. आणि तात्पुरतं म्हणजे तात्पुरतंच, कोन, रंग, ड्रम, पाट्या, ज्या एका रात्रीत काढता येतील, काँक्रीटला हातच लावायचा नाही. असं झालं तर आमच्याकडचा तो निनावी गतिरोधक टाकायची कुणाला गरज पडणार नाही, कारण रात्री गुपचूप करायचं ते दिवसा परवानगीने करता येईल.

आणि एक अट माझी स्वतःची, ह्यावर मी अडून बसेन. फसलेला प्रयोगही छापायचा. आपल्याकडे प्रत्येक उपक्रम यशस्वी होतो, तुम्ही कधी "उपक्रम फसला" अशी प्रेस नोट बघितलीत का? पांढरे पट्टे मारले आणि गाड्यांचा वेग होता तेवढाच राहिला तर तसं लिहा, महापालिकेच्या वेबसाइटवर टाका, म्हणजे कळव्याचा माणूस तेच परत करणार नाही, किंवा करेल तर वेगळ्या पद्धतीने करेल. फसला म्हणून पैसे परत मागायचे नाहीत. मोजणी खोटी निघाली तर मात्र मागायचे, आणि नावही छापायचं.

सुरुवातीला किती? मला वाटतं ठाणे आणि नवी मुंबई मिळून एका वर्षात पन्नास प्रयोग, सरासरी एक लाख धरा, पन्नास लाख झाले. एखाद्या उड्डाणपुलाच्या बजेटमध्ये एवढी रक्कम कुठे गेली ते शोधूनसुद्धा सापडणार नाही. त्यातले तीस फसतील. वीसमधून सात-आठ असे निघतील की ते पुढे नीट काँक्रीटमध्ये करण्यासारखे असतील, आणि तेव्हा ते आपल्या त्या पंचवीस लाखांच्या हेडमध्ये आरामात बसतील, शिवाय बरोबर आकडे असतील की हे का करायचं. हा माझा अंदाज आहे, अनुभवातून केलेला, कुठल्या अहवालातला नाही. नवीन नगरसेवकांपैकी कुणी वाचत असेल तर त्यांनी आपल्या प्रभागातला एक तरी नाका सुचवावा, पेव्हर ब्लॉक बदलून झाले असतील तर.

संपादक साहेब, तुमच्याकडूनही एक काम आहे. तुम्हाला वाचक रोज फोटो पाठवतात, खड्ड्यांचे आणि कचऱ्याचे. एक महिना फक्त "इथे थोडक्यात वाचलो" अशा जागा मागवा, ठिकाण, वेळ, काय झालं असतं, बस, तीन ओळी, नाव नको गाडी नंबर नको. नकाशावर ठिपके टाकून पानभर छापा. कुठे गर्दी झाली ठिपक्यांची ते बघून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवून द्या आणि त्यांनी काय उत्तर दिलं तेही छापा, उत्तर नाही आलं तर तेवढी जागा कोरी सोडा. ठिपके लावायला मदत पाहिजे असेल तर मी आणि आमचे काका दोघंही रिकामेच आहोत, फॉर्म तर माझा तयारच पडलाय.

जागा कमी पडली तर केनियाचा पॅरा उडवा, हेडचा मात्र ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पोखरण रोड, ठाणे (प.)